उस्तादांच्या हातचे जोड

बावीस वर्षांचा होईतो मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत होतो. नागपुरात आमच्या आळीत घरोघरी हेच चालायचं. वडील ताणा लावायचे, बायको कांड्या भरायची आणि मी लुगडी विणायचो. शाळा मराठी चौथीपर्यंत झाली होती, पण वाचायचा नाद मोठा. दुपारी आळीतले विणकर आपापल्या मागावर असले की मी आमच्या ओसरीवर उभा राहून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. पाच-सहा मागांचा खटखटाट चालू असायचा आणि शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे असा त्याचा हट्ट असायचा. ओरडून भागत नाही, शब्दाचा शेवट खाली पडू द्यायचा नाही, हे मी तिथंच शिकलो.

एके दिवशी सीताबर्डीच्या एका थेटराचे मॅनेजर लुगडं बघायला आमच्या आळीत आले. लुगडं राहिलं बाजूला, ते माझं वाचन संपेपर्यंत उन्हात उभे राहिले. मग म्हणाले, "कल दोपहर को थेटर पे आ जाना. मेरे को बोलने वाला आदमी चाहिए."

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर माणसं ओठ हलवायची आणि मध्येच एक काळी पाटी यायची, तिच्यावर त्यांचं बोलणं पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. बघायला येणाऱ्या निम्म्याअधिक लोकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून पडद्याच्या बाजूला एक माणूस उभा करायचे आणि तो पाट्या मोठ्यानं वाचायचा. त्यांचा वाचणारा मुंबईला निघून गेला होता.

वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी धोटा हातातच धरून ठेवला. म्हणाले, "काहून गा, विणकराच्या पोरानं आता तमासगिरासारखं लोकाइपुढं बोंबलाचं का?"

"वाचाचंच तर आहे, बाबा. इथंही वाचतोच ना."

"इथं तू घरचा आहेस. तिथं तुले कोण ओळखते?"

मी गेलो. पहिल्या खेळाआधी मला सिनेमा दाखवायला कुणाला सवड नव्हती. मॅनेजरनी एक जाहिरातीचा कागद वाचून घेतला, मान हलवली आणि मला पडद्याच्या डाव्या अंगाला उभं केलं. माझ्या पायाशी पेटीवाला आणि तबलेवाला बसले होते. दिवे गेले.

पहिला पाव तास बरा गेला. हिंदी पाटी आली की मी वाचायचो आणि लगेच आपल्या बोलीत सांगायचो. मग एक पाटी आली, तिच्यावर फक्त गुजराती आणि इंग्रजी. दुसऱ्या कुठल्या प्रतीतला तुकडा त्या रिळात जोडलेला होता. मला दोन्ही लिप्या येत नव्हत्या. पाटी चार-पाच श्वास टिकायची. पडद्यावर एक बाई एका तरुणाच्या आड उभी राहिली होती आणि समोर तलवार उपसलेला राजा होता. थेटर माझ्याकडं कान लावून बसलं होतं. मी ठोकून दिलं, "महाराज, हा माझा नवरा आहे! याले मारू नका!"

लोक हळहळले. मला जरा धीर आला. आणि पुढच्याच प्रसंगात त्या बाईनं त्या तरुणाला राखी बांधली.

मग मागून कुणीतरी विचारलं, "काय गा, नवऱ्यालेच राखी बांधून राहिली का?" आणि बाकडी बडवायला सुरुवात झाली. शेंगांची टरफलं माझ्या अंगावर आली, एक अर्धा संत्राही आला. पेटीवाल्यानं हात थांबवले. बाजूच्या दाराशी मॅनेजर उभे होते. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, पण ते तिथं आहेत एवढं ठाऊक होतं. पळून जावं असं वाटलं, पण दारापर्यंत जायचं तर लोकांमधूनच जावं लागलं असतं. मग मी मागांच्या खटखटाटात लावायचो तसा आवाज लावला.

"चूक माझी झाली! भाऊ आहे तिचा. मले गुजराती वाचता येत नाही."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. तबल्यावर थाप पडली आणि खेळ पुढं सरकला.

खेळ सुटल्यावर वरच्या मशीनच्या खोलीतून बोलावणं आलं. तिथं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. कामठीचे राहणारे, वय पन्नाशीच्या आसपास, डाव्या हाताची दोन बोटं जळून आखडलेली. आधी ते तंबूच्या सिनेमाबरोबर गावोगाव फिरलेले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झूठ बोला तब मार खा रहा था. सच बोला तो बच गया," ते म्हणाले. "कल से खेल के पहले ऊपर आना. मैं रील दिखाऊँगा. और इतवारी में कोई गुजराती दुकानदार पकड़, अक्षर सीख ले."

मी दोन्ही केलं. दीड महिन्यात गुजराती पाट्या वाचू लागलो आणि इंग्रजीतली ठराविक वाक्यंही ओळखू लागलो. पाच वर्षं मी त्या थेटरात उभा राहिलो. तेव्हा मशीन हातानं फिरवावी लागायची. पाटी लांबलचक असली आणि मला दम लागला की वर उस्तादांचा हात किंचित मंद व्हायचा, पाटी एखादा श्वास जास्त थांबायची. आम्ही एकमेकांपासून साठ-सत्तर हात लांब, मध्ये सगळं थेटर, तरी कधी चुकामूक झाली नाही. लोक मला रस्त्यात ओळखू लागले. वडील मात्र आळीतल्या कुणाला मी काय करतो ते सांगत नव्हते.

मग बोलपट आला.

मॅनेजरनी पेटीवाल्याला, तबलेवाल्याला आणि मला ऑफिसात बोलावलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अब पर्दा खुद बोलेगा," ते म्हणाले. "तुम लोगों का मैं क्या करूँ?" पेटीवाला तिथंच भिंतीला टेकून बसला. तबलेवाल्यानं तबला उचलला. मी ऑफिसातून निघालो तो सरळ मशीनच्या खोलीत गेलो.

"उस्ताद, मेरे को मशीन सिखाओ."

"नहीं."

"क्यूँ नहीं?"

"बोलने वाला आदमी मशीन पे नहीं चलता. मशीन को कान चाहिए, जबान नहीं."

मी तिथंच उभा राहिलो. ते नव्या मशीनची खोकी उघडत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी टेबलावर पडलेला फिल्मचा एक फाटका तुकडा माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "जोड़ के दिखा."

ते काम मी त्यांना करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. दोन्ही टोकं सरळ कापायची, एका टोकावरचा थर पात्यानं अलगद खरवडायचा, चिकटवायच्या मसाल्याचं बोट फिरवायचं, दुसरं टोक वर बसवून दाबायचं. भोकावर भोक आलं पाहिजे, तसूभर सरकून चालत नाही. माझी बोटं लहानपणापासून तुटलेले ताणे सांधत आलेली. उस्तादांनी माझ्या जोडावरून अंगठा फिरवला, मग उलटा करून पुन्हा फिरवला.

"कल से आ," ते म्हणाले.

ती खोली म्हणजे पत्र्याचा तापलेला डबा. समोरच्या भिंतीला दोन चौकोनी भोकं, एक उजेड जायला, एक बघायला, आणि दोन्हींवर लोखंडी झापा. मागच्या अंगाला दार, त्याच्या बाहेर लोखंडी जिना. मशीनमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटायची आणि तिचा उजेड इतका तीव्र की उघड्या डोळ्यांनी बघितलं तर घरी जाईपर्यंत समोर हिरवे डाग नाचायचे. त्या काळची फिल्म बंदुकीच्या दारूसारखी पेटायची. उजेडासमोरून ती धावत राहिली तर ठीक. तिथं अडकून थांबली, की मनात एक-दोन म्हणेपर्यंत आग. उस्तादांची दोन बोटं अशीच गेली होती. त्या खोलीत मी कधी निवांत बसलो नाही. बसलो तरी कान मशीनकडं.

मशीन चालवायला सरकारी सर्टिफिकेट लागायचं आणि त्याची परीक्षा विजेचे इन्स्पेक्टर घ्यायचे. दोन वर्षांनी मी परीक्षेला बसलो. तारा, मोटर, कांड्या, सगळं बरोबर सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "फिल्म ने आग पकड़ी. पहले क्या करोगे?"

"आग बुझाऊँगा, साहब."

त्यांनी कागदावर रेघ ओढली. "ये आग बुझती नहीं. पहले झापा गिराओ, कि आग और धुआँ लोगों तक न जाए. फिर बिजली बंद. फिर बाहर निकलो और लोगों को निकालो. नापास. छह महीने बाद आना."

सहा महिने मी ते तीन शब्द रोज म्हणत राहिलो. झापा, वीज, माणसं. दुसऱ्या खेपेला पास झालो.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की उस्तादांना नीट दिसत नाही. आधी वाटलं, त्यांना घाई आहे म्हणून जोड वाकडे येताहेत. मग एकदा मी न बोलता जिन्यावर उभा राहिलो आणि ते माझ्याकडं बघत म्हणाले, "कौन?" मी अवघ्या चार हातांवर होतो. पंचवीस वर्षं त्या ठिणगीकडं काळ्या काचेशिवाय बघून त्यांचे डोळे जळले होते. बाकी सगळं ते हातानं आणि कानानं इतकं अचूक करायचे की कुणाला शंका येऊ नये. पण जोड नुसत्या हातानं होत नाहीत. भोकावर भोक बसलं की नाही ते बघावंच लागतं.

मी कुणाला बोललो नाही. खेळाआधी लवकर यायचो, ते चहाला उतरले की त्यांनी केलेले जोड तपासायचो आणि वाईट असतील ते कापून पुन्हा करायचो. हे वर्षभर चाललं. रोज जिना चढताना वाटायचं, आज एखादा नजरेतून सुटला तर. बायकोला तेवढं सांगितलं होतं.

ती म्हणाली, "मग मॅनेजरले सांगून टाका ना."

"सांगितलं तर त्याइचं सर्टिफिकेट जाईन. या वयात कुठं जातीन ते? त्याइनं मले हाताशी धरलं."

"अन् एखाद्या दिवशी तुमी बिमार पडले तर?"

मी म्हणालो, "नाही पडत."

उन्हाळ्यात बायकांसाठी दुपारचा खास खेळ असायचा. त्या दिवशी खाली पुरुषाला मज्जाव. माझ्या बायकोनं तोवर सिनेमा पाहिलेला नव्हता. आळीतल्या सात-आठ बायका निघाल्या, म्हणून तीही आमच्या दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन निघाली. मी त्यांना टांग्यातून उतरवून घेतलं. गर्दी फार होती. दरवाज्यावरच्या बाईला सांगून मधल्या रांगेत जागा करून दिली, मुलीला पाणी आणून दिलं. हे सगळं करून वर गेलो तर उस्तादांनी मशीन लावलेली होती, दुसरं रीळही काढून ठेवलेलं होतं.

"देर कर दी," ते म्हणाले.

"घर के लोग आए हैं, उस्ताद."

"अच्छा," ते हसले. "तो आज अच्छे से चलाएँगे."

जोड तपासायचे राहिले होते. विचारावं असं वाटलं. पण काय विचारणार? वर्षभर जे चोरून केलं ते आता तोंडानं कसं काढायचं? घंटा झाली आणि खेळ सुरू झाला.

पहिलं रीळ सुखरूप गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर मशीनचा आवाज बदलला. माझ्याआधी तो उस्तादांनी ऐकला. "अटका!" म्हणत त्यांनी फिल्म आणि उजेड यांच्यामध्ये पडणारी लोखंडी पट्टी पाडायला हात टाकला. हात एक वीत डावीकडं पडला. पट्टीवर नाही, कोऱ्या पत्र्यावर. त्यांनी पुन्हा चाचपडलं. तेवढ्यात मशीनच्या तोंडातून पिवळा जाळ निघाला आणि फिल्मवरून वरच्या रिळाकडं सरसर चढला.

मी झापांची दोरी ओढली, दोन्ही झापा धाडकन पडल्या. विजेचा मुख्य खटका खाली केला. मशीन थांबली, आणि खालचेही दिवे त्याच खटक्यावर होते, त्यामुळं थेटर पार अंधारात गेलं. धूर पांढरा आणि कडू, घशात सुरीसारखा. मी दार ढकलून जिन्यावर आलो. मागं वळलो तर उस्ताद आलेले नव्हते.

खालून बायकांचा गलका ऐकू येऊ लागला होता. आधी सिनेमा बंद पडला म्हणून करतात तसा, मग एकीची किंकाळी. माझी बायको आणि मुलगी तिथं होती. एक पाय जिन्याच्या खालच्या पायरीवर गेलाच होता. तो मी कसा मागं घेतला ते मला आजही सांगता येत नाही. तोंडाला धोतराचा सोगा लावून मी आत गेलो.

मला वाटलं होतं ते दार शोधत असतील. ते फळीपाशी होते. उरलेली पाच रिळं एकेक करून हातानं चाचपत लोखंडी पेटीत टाकत होते. शेवटचं रीळ टाकून त्यांनी झाकण बसवलं आणि त्याच्यावर गुडघा दाबला. ती रिळं पेटली असती तर खोलीच काय, खालचं छतही राहिलं नसतं. त्यांच्या एका बाहीनं पेट घेतला होता. मी त्यांना कमरेला धरून ओढत बाहेर काढलं, बाही विझवली आणि त्यांना जिन्यावर तसंच सोडून खाली धावलो.

थेटराला बाजूचे दोन दरवाजे होते. उजवीकडच्या दरवाज्याला बायकांच्या खेळाच्या दिवशी बाहेरून कडी लावून ठेवायचे, टवाळ लोक डोकावतात म्हणून. मी पोचलो तेव्हा आतून तो दरवाजा धडधडत होता आणि माणसांच्या वजनानं कडी अशी आवळली होती की निघेना. मी दगड उचलून ती ठोकली. चौथ्या की पाचव्या घावाला निघाली. दरवाजा उघडला तशा पुढच्या दोन बायका माझ्या अंगावर पडल्या. मागून सगळं थेटर त्यांच्यावर येणार हे दिसत होतं.

मी दारात उभा राहिलो आणि आवाज लावला.

"बायाहो, थांबा! मशीन बिघडली. आग नाही. लेकरू कडेवर घ्या अन् दोघीदोघींनं निघा. डावीकडच्या दारानंही रस्ता आहे. समोरच्या डावीकडून, मागच्या इकडून. पाट्या वाचत होतो तो मीच आहे, ऐकून राहिल्या का? दोघीदोघींनं!"

कुणी ओळखलं की नाही माहीत नाही. पण ढकलाढकली थोडी थांबली, पडलेल्या दोघी उठल्या, आणि रांग हलू लागली. मी तेच तेच म्हणत राहिलो, घसा फुटेपर्यंत. प्रत्येक तोंड बघत होतो. माझी बायको त्यात नव्हती. सगळं थेटर रिकामं झालं तरी नव्हती. मी आत शिरून अंधारात बाकड्यांखाली हात फिरवत चाललो तेव्हा बाहेरून तिनं हाक मारली. ती डावीकडच्या दारानं निघून चिंचेखाली उभी होती. मुलगी तिच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मोठे करून बघत होती.

"तुमी काहून खोटं बोलले?" तिनं विचारलं. "मले वास येऊन राहिला होता."

मी खाली बसलो.

कुणाचा जीव गेला नाही. एका बाईचा हात मोडला, चार-पाच जणींना खरचटलं. मशीनची खोली काळीठिक्कर झाली, थेटर वाचलं.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टर आले. मॅनेजर, उस्ताद आणि मी त्या जळक्या खोलीत उभे राहिलो. उस्तादांचा हात कोपरापर्यंत बांधलेला होता. मशीनच्या दातात अडकलेला अर्धवट जळलेला तुकडा इन्स्पेक्टरांनी चिमट्यानं काढला. जोड त्यातच होता, भोकं एकमेकांवर न बसलेली.

"ये जोड़ किसने किया?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते माझं मलाच ठरलेलं नव्हतं. उस्ताद आधी बोलले. "मैंने किया, साहब."

"आँखें कैसी हैं?"

"साल भर से कम दिखता है."

इन्स्पेक्टर माझ्याकडं वळले. "तुम को मालूम था?"

उस्ताद माझ्या शेजारी उभे होते. त्यांची मान माझ्या दिशेला किंचित वळली.

"नहीं, साहब," मी म्हणालो.

उस्तादांचं सर्टिफिकेट जमा झालं. महिन्याभरात नवी मशीन बसली आणि मॅनेजरनी मला मुख्य ऑपरेटर केलं. मी नाही म्हणालो नाही. आळीत वडिलांनी पहिल्यांदा चार लोकांत सांगितलं की माझा मुलगा सिनेमाची मशीन चालवतो, त्यानं इतक्या बायका वाचवल्या. लोक मला थांबवून विचारायचे आणि मला ते ऐकवत नसे. जेवणावरची वासना गेली. बायको बघत होती. एकदा ती एवढंच म्हणाली, "त्याइले भेटून आले का?"

मी कामठीला गेलो. उस्ताद अंगणात बाजेवर बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"उस्ताद, मेरे को मालूम था," मी उभ्याउभ्याच म्हणालो. "मैं तुम्हारे जोड़ फिर से करता था."

"मेरे को भी मालूम था," ते म्हणाले. "तेरा जोड़ मेरे से पतला रहता है. अँगूठे को लगता था."

"फिर बोले क्यूँ नहीं?"

"बोलता तो मशीन छोड़नी पड़ती." मग त्यांचा आवाज चढला. "पर तेरे को बोलना था! मैं तो बूढ़ा, डर गया था. तेरे को क्या हुआ था? नीचे औरतें थीं, बच्चे थे, तेरी अपनी बच्ची थी. मेरी इज्जत क्या उन से बड़ी थी? तू मेरा लिहाज करता रहा. ऐसा लिहाज किस काम का?"

मला वाटलं होतं ते माफ करतील, किंवा हाकलून देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. सुनेनं आणलेला चहा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "पी, ठंडा हो जाएगा."

दुसऱ्या दिवशी मी इन्स्पेक्टरांच्या ऑफिसात गेलो आणि खोटं बोललो होतो ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून माझा जबाब लिहून घेतला. मॅनेजरना हे कळलं तेव्हा ते चिडले, "कौन पूछने आया था तेरे को?" माझं सर्टिफिकेट तीन महिन्यांसाठी काढून घेतलं गेलं. थेटरानं भंडाऱ्याहून दुसरा ऑपरेटर आणला.

तीन महिने मी मागावर बसलो. वडिलांनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी खड्ड्यातून पाय वर घेतले आणि जागा करून दिली. माझा विणायचा हात पार गेलेला होता. पहिलं लुगडं त्यांनी अर्ध्यावरच उसवायला लावलं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला माझे कान आपोआप सीताबर्डीकडं लागायचे. इतक्या लांबून तिथलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. परत घेतील की नाही याची काहीच खात्री नव्हती, आणि मॅनेजर रस्त्यात भेटले तरी मान वळवायचे.

तीन महिन्यांनी सर्टिफिकेट हातात मिळालं. त्या थेटरात मात्र जागा उरली नव्हती. गावात आणखी एक थेटर उघडत होतं, तिथं गेलो. मालकानं विचारलं, "तू तोच ना, ज्यानं स्वतःहून जाऊन सांगितलं?" मी हो म्हणालो आणि आता हे हाकलणार असं धरून चाललो. त्यांनी मला ठेवून घेतलं. पुढं त्यांची आणखी दोन थेटरं झाली आणि तिन्हींच्या मशिनी मीच बसवल्या. लढाईच्या वर्षांत कार्बनच्या कांड्या मिळेनाशा झाल्या तेव्हा उरलेली थोटकं जोडून जोडून खेळ चालवले. थेटराच्या कुठल्याही दरवाज्याला बाहेरून कडी लावायची नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा हट्ट होता, आणि मालकानं तो मानला.

उस्ताद नव्या खेळाच्या पहिल्या दिवशी टांग्यानं यायचे. खाली मागच्या बाकड्यावर बसायचे, त्यांना पडदा दिसत नव्हता. खेळ सुटला की मी त्यांना हाताला धरून आणायचो आणि ते मशीनचं काय दुखतंय ते सांगायचे. पट्टा ढिला आहे, तेल कमी आहे, मोटर गरम होतेय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा ते म्हणाले, वरचं चाक घासतंय, मी सगळं खोलून पाहिलं, चाक ठीक होतं.

"चाक अच्छा है, उस्ताद. तुम्हारा चूक गया," मी सांगितलं.

त्यांना राग आला. काठी टेकत निघून गेले आणि पुढच्या खेळाला आले नाहीत. त्याच्या पुढच्याला आले. बाकड्यावर त्यांच्यासाठी मी जागा धरून ठेवली होती.